हाडाचें आणि धातूचें सख्य

दांत पडले, कीं घांसाबरोबर वाणीचीही पंचाईत होते. तेथें राजा आणि रंक हा भेद राहत नाहीं. ३० एप्रिल १७८९ रोजीं जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं न्यूयॉर्क येथें अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हां त्यांच्या मुखांत स्वतःचा असा एकच दांत उरला होता. बाकीची उणीव पाणघोड्याच्या दांतापासून कोरलेल्या कवळीनें भागविली होती. परंतु असले दंत सच्छिद्र. लाळ व अन्नरस त्यांत मुरत, रंग पालटे आणि दुर्गंधी सुटे.

या दुर्गंधीला कंटाळून द्युशातो नांवाच्या फ्रेंच औषधविक्रेत्यानें १७७४ च्या सुमारास चिनी मातीची कवळी करविली. भट्टींत माती आकसे व माप चुके. पुढें द्युबॉआ द शेमां या दंतवैद्यानें ही कृति सुधारली. तकतकीत पृष्ठभागामुळें कुजणें थांबलें खरें, परंतु कवळी हिरडीवर टेकलेलीच राहिली. दांत हाडांत रोवावा, तर परक्या पदार्थाभोंवतीं शरीर मऊ तंतूंचें वेष्टन घाली आणि तो सैल होई.

ही कोंडी फुटली ती दांतांशीं संबंध नसलेल्या एका प्रयोगानें. १९५२ सालीं स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क हे सशाच्या हाडांत टायटॅनियम धातूची बारीक नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम संपल्यावर नळी काढूं गेले, तों ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटलें होतें. या धातूस हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप बसतो. तो धातूस गंजूं देत नाहीं आणि हाडासही परका वाटत नाहीं. १९६५ सालीं गोस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यांत टायटॅनियमचे स्क्रू रोवण्यांत आले. २००६ सालीं ते वारले, तोंपर्यंत त्यांनीं सेवा दिली.

निसर्गाचा हा लेप पाहून मनुष्यानेंही आपला लेप चढविला. हाडांतील खनिजाशीं साम्य असलेल्या हायड्रॉक्सिॲपटाइटची भुकटी अतितप्त वायूच्या झोतांत वितळवून धातूवर फवारण्याची रीत १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली. हाड अशा मुळास लौकर धरी. परंतु कांहीं ठिकाणीं तो लेप विरघळला, कांहीं ठिकाणीं त्याचे पापुद्रे सुटले आणि हाडाची पकड गेली. म्हणून पुढें धातूचाच पृष्ठभाग वाळूच्या माऱ्यानें व अम्लानें खडबडीत करण्याकडे कल वळला.

सारांश, कृत्रिम दांताचें बळ त्याच्या गाभ्यांत असतें, हा समज अपुरा आहे. द्युशातोच्या कवळीपासून टायटॅनियमच्या स्क्रूपर्यंत प्रत्येक वेळीं निकाल लागला तो पृष्ठभागावर, जेथें परकें द्रव्य शरीरास प्रथम भेटतें तेथेंच.