कोठडीतील मृत्यू : चौकशीनंतर पुढे काय?

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १९६ मध्ये आहे. मात्र अहवाल हाती आल्यावर गुन्हा कोणी व केव्हा नोंदवावा, याविषयी हे कलम मौन बाळगते. खरी मेख येथेच आहे.

परभणीत या प्रश्नाला तोंड फुटले. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाबाहेरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. त्यानंतर अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्हा नोंदला गेला नाही. सूर्यवंशी यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली, बाजू ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याविरुद्धचे राज्य सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला फेटाळले.

वस्तुतः दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. तरीही येथे त्यासाठी आईला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.