प्रवेशपरीक्षेचें भाकीत

१९२६ च्या जूनमध्यें अमेरिकेंत सुमारें आठ हजार विद्यार्थी एका नव्या प्रवेशपरीक्षेस बसले. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यानें ती पहिल्या महायुद्धांतील सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांवरून रचली होती. त्याच चाचण्यांच्या आधारें त्यानें १९२३ सालीं वंशावंशांत बुद्धीची प्रतवारी लावली होती. १९३० सालीं ती निराधार असल्याचें त्यानें स्वतःच छापून कबूल केलें. असा प्रामाणिकपणा विद्वानांत विरळाच! परीक्षा मात्र टिकली, आणि पुढें ‘सॅट’ या नांवानें लाखों मुलांचें भवितव्य तिच्यावर अवलंबून राहूं लागलें.

या गुणांवरून पुढील अभ्यासाचें भाकीत कितपत करतां येतें? कॅलिफोर्निया विद्यापीठानें २००१ सालीं सुमारें ७८,००० विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षाचे गुण ताडून पाहिले. शाळेंतील व विषयवार परीक्षांतील गुण ठाऊक असले, तर सॅटच्या गुणांनीं अंदाजांत फारशी भर पडत नाहीं, असें आढळलें. अर्थात् हा ताळा प्रवेश मिळालेल्यांचाच. ज्यांना दारांतूनच परतावें लागलें, त्यांनीं काय करून दाखविलें असतें, हें कोणत्या आंकड्यांत सांपडणार?

२०२० च्या आरंभीं त्याच विद्यापीठाच्या अध्यापकसमितीस नेमकें उलट दिसलें : आतां शाळेच्या गुणांहून सॅटचेच गुण पहिल्या वर्षाचा अंदाज अधिक चांगला देत होते. शाळा गुण सढळ हातानें देऊं लागल्या होत्या, हें त्याचें एक कारण. तरीहि त्याच वर्षीं मे महिन्यांत विद्यापीठाच्या नियामकांनीं, गरिबांच्या मुलांना ती परीक्षा अन्यायकारक आहे या आक्षेपास मान देऊन, ती प्रवेशांतून क्रमाक्रमानें वगळण्याचा ठराव केला.