बाबासाहेब कोलंबोला कशासाठी गेले होते?



विहारावर फडकणारा पंचरंगी ध्वज कुठून आला, असे मागे धम्मवर्गातल्या एका मुलीने मला विचारले. तो आला कोलंबोहून. १८८५ साली वैशाख पौर्णिमेला कोलंबोच्या कोटाहेना भागातल्या दीपदुत्तमाराम विहारावर तो पहिल्यांदा फडकला. तेव्हा लंकेवर इंग्रजांचे राज्य होते. आपल्या सणाची सरकारी सुट्टीसुद्धा बौद्धांना मागणी लावून धरून मिळवावी लागली होती. म्हणजे हा ध्वज शोभेचा नव्हे, हक्काच्या लढ्यातून आलेला आहे. याच शहरात ३१ मे १८९१ रोजी अनागारिक धम्मपालांनी महाबोधी सभा स्थापन केली आणि महंताच्या ताब्यातील बुद्धगयेच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही काही उपासक-उपासिका वर्गणी जमवून कोलंबोला गेलो. श्रीलंकेची राजधानी कागदोपत्री १९८२ पासून शेजारचे श्री जयवर्धनपुर कोट्टे आहे; पण बाबासाहेब गेले तेव्हा राजधानी कोलंबोच होती. मे म्हणजे तिकडे नैर्ऋत्य पावसाचे दिवस. तोच पाऊस पुढे जूनमध्ये आपल्या मुंबईला येतो. धागा तुटू नये म्हणून गिरणीच्या साचेखात्यात मुद्दाम ओलावा ठेवतात. त्यात मी वर्षानुवर्षे काम केलेले, तरी कोलंबोची हवा अंगाला जड वाटली. सदरा पिळून काढावा असा घाम, आणि मधेच धो-धो पाऊस. पण पौर्णिमेच्या रात्री रस्तोरस्ती आपल्या आकाशकंदिलासारखे कागदी कंदील लागले होते. पांढऱ्या कपड्यातली माणसे भिजत रांगेत उभी होती. जागोजागी 'दन्सल', म्हणजे येईल त्याला फुकट जेवण. कुठून आलात, कोण, असे कोणी विचारले नाही. पोटभर वाढले.

ते पाहून आमच्यातल्या एक म्हाताऱ्या आई म्हणाल्या, "बाबासाहेबांनी हेच बघितलं असंल का रं?" तेव्हापासून हा प्रश्न मनात राहिला.

१९५० च्या मे महिन्याच्या अखेरीस बाबासाहेब लंकेला गेले. संविधान लागू होऊन चारच महिने झाले होते आणि ते देशाचे कायदेमंत्री होते. सोबत माईसाहेब आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे राजभोज होते. कँडीच्या दंतधातू विहारात २५ मे रोजी जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची पहिली परिषद सुरू झाली. सत्तावीस देशांचे बौद्ध जमले होते. गुणपाल मललसेकर हे त्या संघाचे पहिले अध्यक्ष. बाबासाहेबांनी मात्र अधिकृत प्रतिनिधी होण्याचे नाकारले. त्यांना बौद्धांचे विधी-संस्कार डोळ्यांनी बघायचे होते. आणि हा धम्म तिथे खरोखर जिवंत आहे, की नुसता विधीपुरता उरला आहे, हे तपासायचे होते. परिषदेतील बौद्ध राष्ट्रांना त्यांनी सांगितले की, नुसता बंधुभाव दाखवून भागणार नाही, धम्माच्या प्रसारासाठी त्याग करा.

नंतर कोलंबोत तरुण बौद्धांच्या संघटनेपुढे ते भारतातील बौद्ध धम्माच्या उदय आणि अस्तावर बोलले. टाऊन हॉलमधल्या सभेत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले. त्याचबरोबर तिथल्या बौद्धांना बजावले की, या माणसांना आपले म्हणा, त्यांची काळजी घ्या. म्हणजे बौद्ध बहुसंख्य असलेल्या देशातही अस्पृश्य आहेत, हे बाबासाहेबांच्या नजरेतून सुटले नाही.

हे आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते म्हणून लिहितो. १७५३ साली सयामहून आलेल्या उपाली थेरांनी लंकेत भिक्खूंची उपसंपदा पुन्हा सुरू केली. पण थोड्याच वर्षांत उच्च मानल्या जाणाऱ्या गोविगम जातीपुरतीच ती राखली गेली. तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतले ज्ञानविमल थेर समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपुरला गेले, १८०० साली तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परत येऊन अमरपुर निकाय सुरू केला. दार लावून घेतले म्हणून माणसे समुद्रापार गेली! सयाम निकायातली ती जातीची अट आजही पुरती गेलेली नाही. पुढे १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे त्या देशात यादवी युद्ध झाले, हजारो माणसे मेली. बौद्ध देश म्हटला की तिथे द्वेष नाही, असे समजू नये. धम्म रोज आचरावा लागतो.

म्हणून मला वाटते, बाबासाहेब लंकेहून नक्कल घेऊन आले नाहीत. चांगले होते ते घेतले, खोट होती ती ओळखली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आपल्या वरळीच्या बुद्धमंदिरात त्यांनी उरलेले आयुष्य धम्माच्या पुनरुज्जीवनासाठी देण्याचे जाहीर केले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा दिली ती बावीस प्रतिज्ञांसह. सर्व माणसे समान आहेत, हे त्या प्रतिज्ञांतच आहे.

आता आपल्याकडे वळून बघू या. विहाराला रंग दिला, मूर्ती बसवली, पौर्णिमेला खीर वाटली. चांगलेच झाले. पण लग्न जमवताना पोटजात विचारणारे घर आपल्या चाळीत आजही आहे की नाही? मागच्या गल्लीतल्या मातंग, चर्मकार वस्तीतल्या मुलांना आपल्या धम्मवर्गात आपण बोलावतो का? कोलंबोच्या पावसात परक्या माणसाला न विचारता वाढतात, आणि आपण शेजाऱ्याला विचारून बसवतो.

बाबासाहेब आज आपल्या विहारात आले, तर कोलंबोत तपासले तेच इथेही तपासतील. धम्म जिवंत आहे, की विधीपुरता उरला? उत्तर आपण द्यायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!