सरकारी रुग्णालयांतील औषधसाठा : सूत्रापासून पासबुकापर्यंत

प्रस्तावना

सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते, पण औषधाच्या खिडकीवर कधीकधी उत्तर मिळते, "हे संपलंय, बाहेरून घ्या." रोजंदारीवर जगणाऱ्या रुग्णासाठी मोफत उपचार तिथेच थांबतात. त्याच वेळी त्याच रुग्णालयाच्या भांडारात एखादे दुसरे औषध मुदत संपून खोक्यातच पडलेले असू शकते. तुटवडा आणि नासाडी एकाच छताखाली कशी नांदतात? साठा नियंत्रणाच्या इतिहासातून आपण या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

कारखान्यातून आलेली सूत्रे

हे शास्त्र रुग्णालयात जन्मले नाही. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने एका वेळी किती माल तयार करावा याचे सूत्र मांडले. आज आपण त्याला 'किफायतशीर मागणी प्रमाण', म्हणजेच ईओक्यू, म्हणतो. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे फोर्ड डिकी यांनी एबीसी वर्गीकरण लोकांपुढे आणले. थोड्या वस्तूंवर बहुतेक पैसा खर्च होतो, म्हणून त्या वस्तूंवर जास्त लक्ष ठेवावे, हे त्याचे तत्त्व.

रुग्णालयात मात्र केवळ किमतीवरून महत्त्व ठरत नाही. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन स्वस्त आहे, त्यामुळे एबीसीनुसार ते 'सी' गटात जाईल. पण तीव्र ॲलर्जीचा झटका आलेल्या रुग्णाला ते तत्काळ मिळाले नाही तर प्राण जाऊ शकतो. म्हणून औषधांसाठी व्हीईडी, म्हणजे प्राणरक्षक, आवश्यक आणि इष्ट, असे दुसरे वर्गीकरण जोडले जाते.

सूत्र बरोबर, आकडे चूक

एक साधे काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गोळीची रोजची गरज ४० आहे आणि मागणी केल्यावर माल यायला १५ दिवस लागतात. म्हणजे साठा ६०० वर आला की नवी मागणी करायची. आता माल यायला ६० दिवस लागले तर? मागणीची पातळी २,४०० हवी होती. ६०० वर मागणी करणाऱ्याची खिडकी ४५ दिवस रिकामी राहील.

यापुढची अडचण अधिक खोल आहे. त्या ४५ दिवसांत नोंदवहीत 'वाटप शून्य' असे लिहिले जाते. पुढच्या वर्षीची मागणी मागच्या वर्षीच्या वाटपावरून ठरवली, तर गरज कमी दिसते आणि पुन्हा कमी माल येतो. तुटवडा स्वतःचाच पुरावा पुसून टाकतो! हे ओळखणारा अनुभवी भांडारपाल मग मागणीच फुगवून लिहितो, कारण दहा मागितले तर पाच मिळतील हा त्याचा हिशेब असतो. पण एखादे औषध खरोखरच दहा आले की पाच मुदतबाह्य होतात. तुटवडा आणि नासाडी अशी एकाच मुळातून उगवतात.

यादी आणि गुणवत्ता

हजारो नावांची औषधे साठवत बसलो तर कोणतेही सूत्र कोलमडेल. भारतात १९७५ च्या हाथी समितीने आवश्यक औषधांच्या मर्यादित यादीचा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली आदर्श यादी १९७७ मध्ये आली, तर आपली राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये.

पण खोक्यांची संख्या बरोबर असणे पुरेसे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८८ च्या अहवालात खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतच्या त्रुटी उघड केल्या. कोणत्या पुरवठादाराची कोणती बॅच कुठे गेली आणि ती तपासली का, हेही साठ्याच्या नोंदीचे काम आहे, हा त्यातून घ्यायचा धडा.

तमिळनाडूचा प्रयोग

१९९४ मध्ये तमिळनाडू सरकारने 'तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन' स्थापन केले आणि १९९५ पासून त्याचे काम सुरू झाले. खरेदी एकत्र, निविदा पद्धतीने आणि औषधांच्या मूळ नावाने होऊ लागली. माल थेट जिल्ह्यांतील गोदामांत येई. तिथून बॅचचे नमुने घेऊन, उत्पादकाचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांकाने प्रयोगशाळांकडे पाठवले जात. तपासणीत उतरल्यावरच औषध रुग्णालयांना मिळे. गोदामांतील साठ्याची नोंद संगणकावर ठेवली जाई.

माझ्या मते यातील सर्वांत हुशारीची गोष्ट मात्र कागदाची होती : पासबुक. प्रत्येक संस्थेला तिच्या तरतुदीइतक्या रकमेचे पासबुक दिले गेले. गोदामातून जे औषध उचलाल त्याची किंमत त्यातून वजा होणार. यामुळे दोन गोष्टी साधतात. मागणी फुगवण्याचा मोह कमी होतो, कारण नको ते उचलले की हवे त्याचे पैसे संपतात. आणि काय उचलायचे हे रुग्णाच्या सर्वांत जवळचा डॉक्टर व औषधनिर्माता ठरवतो. खरेदी एकत्र, निवड विकेंद्रित!

पुढे केरळने २००७ मध्ये आणि राजस्थानने २०११ मध्ये अशीच महामंडळे उभारली. राजस्थानची मोफत औषध योजना २ ऑक्टोबर २०११ ला सुरू झाली. सी-डॅकने विकसित केलेली 'ई-औषधी' ही साठा प्रणाली महाराष्ट्र व राजस्थानसह अनेक राज्यांत वापरली गेली.

समारोप

ईओक्यूचे गणित वर्गात एका तासात शिकवून होते. ते सरकारी रुग्णालयात उपयोगी पडायला मात्र मर्यादित यादी, तपासलेला माल, वेळेवर पुरवठा आणि खरी नोंद यांची वाट पाहावी लागली. संगणक आला तरी शेवटची अट बदललेली नाही. पडद्यावरचा साठा आणि फळीवरचा साठा जुळत नसेल, तर सर्वांत चांगले सॉफ्टवेअरही चुकीचीच मागणी वेगाने पाठवेल. उद्या तुमच्यापैकी कोणी अशी प्रणाली लिहील. तेव्हा 'वाटप शून्य' या नोंदीशेजारी आणखी एक रकाना जरूर ठेवा : औषध न मिळता किती जण परत गेले?

विचारासाठी प्रश्न

१. तुटवड्याच्या काळातील वाटपावरून गरजेचा अंदाज का चुकतो? वरील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. एबीसीनुसार 'सी' पण व्हीईडीनुसार प्राणरक्षक असलेल्या औषधासाठी साठ्याचे कोणते धोरण ठेवाल?
३. पासबुक पद्धतीत रकमेची मर्यादा कमी ठरली, तर कोणत्या अडचणी येतील?