मोठे डॉक्टर आलेच नाहीत

गुरुवार, २ नोव्हेंबर २०००. अमेरिकेतलं साउथ कॅरोलायना, शहर चार्ल्स्टन. लुईस ब्लॅकमन या पंधरा वर्षांच्या मुलाची छाती मधोमध खोल गेलेली. ती सरळ करण्यासाठी आतून स्टीलची पट्टी बसवायचं ऑपरेशन आधीपासून ठरलेलं होतं, तातडी काहीच नव्हती. ऑपरेशन नीट पार पडलं. सर्जरीच्या वॉर्डात खाट नव्हती म्हणून लुईसला कॅन्सरच्या वॉर्डात हलवलं. ऑपरेशन झालेले रुग्ण सांभाळणं हे तिथल्या नर्सचं रोजचं काम नव्हे. माझ्या मते घसरण इथूनच सुरू झाली. दुखणं थांबावं म्हणून दर सहा तासांनी केटोरोलॅकचं इंजेक्शन सुरू झालं. लघवी कमी होत होती. अशा वेळी हे औषध जपून द्यायचं असतं. ते चालूच राहिलं.

रविवार, सकाळी साडेसहा. इंजेक्शन देऊन अर्धा तास झाला असेल, तोच पोटात असह्य कळ आली. ऑपरेशन छातीचं, दुखतंय पोट! उत्तर मिळालं: गॅस आहे, जरा चालवा.

रविवार, दिवसभर. पोट फुगलं, चेहरा पांढराफटक पडला, अंग गार झालं, घाम सुटला, नाडी वाढत गेली. यातलं प्रत्येक लक्षण कुणी ना कुणी पाहिलं होतं. सुट्टीचा दिवस, वॉर्डात शिकाऊ डॉक्टर. सकाळी ठरलेलं निदान कुणी मोडलं नाही. आई हेलन हॅस्केल यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगितलं.

रात्री आठच्या सुमारास. एक डॉक्टर येऊन गेले. तेही निवासी, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच होते. आईला ते कळायचं कसं?

सोमवार, सकाळी साडेआठ. रक्तदाब लागेना. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं, पट्टा बदलला, पुन्हा दुसरं मशीन. दोन तासांहून अधिक वेळ हेच चाललं. मशीन बरोबर होतं. मोजता यावा एवढा रक्तदाबच उरला नव्हता. मुलगा डोळ्यांदेखत शॉकमध्ये जात होता आणि शोध चालला होता चांगल्या पट्ट्याचा.

दुपारी बारा. रक्त काढायला आले तेव्हा त्याची जीभ अडखळू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. हृदय थांबलं. १ वाजून २३ मिनिटांनी मृत्यू घोषित झाला.

शवविच्छेदनात लहान आतड्याच्या सुरुवातीला फुटलेला अल्सर सापडला आणि पोटात जवळपास तीन लिटर रक्त व स्राव. अल्सर हा केटोरोलॅकचा माहीत असलेला धोका.

बिघाड वेळेत न ओळखणं हे एकाच रुग्णालयाचं दुखणं नाही. २००९ साली अमेरिकेत घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी रुग्णालयांची तुलना केली. जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती जवळपास सारख्याच होत्या. पण गंभीर गुंतागुंत झाल्यावर एकीकडे २१.४ टक्के रुग्ण दगावले, दुसरीकडे १२.५ टक्के. फरक पडला तो बिघाड ओळखून वेळेत धावण्यात.

२००५ साली साउथ कॅरोलायनात लुईसच्या नावाने कायदा झाला. डॉक्टर शिकाऊ असेल तर ते बिल्ल्यावर दिसलं पाहिजे आणि रुग्णाने मागितलं तर मुख्य डॉक्टरांपर्यंत निरोप गेला पाहिजे. आपल्याकडे असा कायदा होण्याची वाट पाहू नका. घरच्या माणसाचं ऑपरेशन ठरलं की सही करण्याआधी विचारा: रविवारी रात्री तब्येत बिघडली तर कोण येणार, आणि त्यांना बोलवायचं कसं?