तळटीप १२ : ‘वॉटसनची इमारत’

१२. मुंबईत काळा घोड्याजवळ, हायकोर्टापासून हाकेच्या अंतरावर असलेली एस्प्लनेड मॅन्शन. आष्टीच्या पक्षकारांना वकील गाठायला इथल्या जिन्यावरून चढावे लागे, कारण १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर बीड जिल्ह्याची अपिले मुंबईला जात. औरंगाबाद खंडपीठ १९८१मध्ये सुरू झाले आणि ही पायपीट थांबली.

वकिलांच्या खोल्यांआधी हे होते वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात जॉन वॉटसन यांनी ते बांधले. बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणला आणि इथे जोडला. आराखडा रोलंड ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकाच्या छतातही त्यांचा हात होता. तळमजल्यावर खाणावळ आणि बार, वाढायला थेट विलायतेहून आणलेल्या इंग्रज तरुणी! ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा भारतातला पहिला चित्रपट-खेळ इथेच झाला. त्याच वर्षी उतरलेल्या मार्क ट्वेनने मात्र सज्जात जमणाऱ्या कावळ्यांवरच जास्त शाई खर्च केली. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून ताजमहाल हॉटेल (१९०३) उभे राहिले, ही कथा रंगतदार खरी, पुरावा नाही.

पुढे हॉटेल बंद पडले, दालनांत फळ्या ठोकून लहान लहान खोल्या झाल्या.

२००५मध्ये इमारतीच्या दर्शनी भागाचा एक हिस्सा कोसळला. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने २००६च्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव घातले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी झाली. आयआयटीच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली. वारसातज्ज्ञांनी सांगाडा दुरुस्त होऊ शकतो असे म्हणत त्या शिफारशीला विरोध केला.