एव्हरग्लेड्समधील तंबूनिवास

एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकास असलेले उपोष्णकटिबंधीय पाणथळ अरण्य आहे. उद्यानाच्या दुर्गम भागात मुक्काम करण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. बहुतेक मुक्कामस्थळी केवळ होडीने पोहोचता येते.

पार्श्वभूमी
ओकीचोबी सरोवराकडून दक्षिणेस अतिशय संथपणे सरकणारा उथळ, रुंद जलप्रवाह हा या प्रदेशाचा आधार होय. करवतीसारख्या कडांच्या गवताची मैदाने आणि किनाऱ्यालगतची खारफुटीची वने ही येथील प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. ६ डिसेंबर १९४७ रोजी उद्यानाचे औपचारिक उद्घाटन झाले. १९७९ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

मुक्कामस्थळांचे प्रकार
मुक्कामस्थळे तीन प्रकारची आहेत: समुद्रकिनाऱ्यावरील, अंतर्भागातील उंचवट्यांवरील आणि 'चिकी'. कोरडी जमीन नसलेल्या ठिकाणी पाण्यावर खांब रोवून उभारलेल्या छपरयुक्त लाकडी मचाणास चिकी म्हणतात. हे नाव सेमिनोल लोकांच्या चारही बाजूंनी मोकळ्या, ताडपत्रांनी शाकारलेल्या घरांवरून आले आहे. चिकीवर खुंट्या ठोकण्यास मनाई असल्याने स्वतःच्या आधाराने उभा राहणारा तंबू लागतो. एव्हरग्लेड्स सिटी ते फ्लेमिंगो हा सुमारे १६० किलोमीटरचा जलमार्ग अशा स्थळांना जोडतो.

हंगाम आणि तयारी
साधारणतः डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम मुक्कामास अनुकूल मानला जातो. उरलेल्या पाणीसाठ्यांभोवती पक्षी व अन्य प्राणी एकवटत असल्याने या काळात ते सहज दिसतात. पावसाळ्यात डासांचा उपद्रव, गडगडाटी वादळे आणि चक्रीवादळांचा धोका असतो. दुर्गम भागात पिण्याचे पाणी मिळत नाही. त्यामुळे दरमाणशी दररोज सुमारे चार लिटर पाणी सोबत न्यावे लागते. रॅकून हे प्राणी मऊ पिशव्या फाडून गोडे पाणीही पळवतात, म्हणून अन्न व पाणी टणक डब्यांत ठेवतात. शेकोटीस केवळ किनाऱ्यावरील स्थळी परवानगी असते.

वन्यजीव
ॲलिगेटर आणि अमेरिकन मगर हे दोन्ही प्राणी निसर्गतः एकत्र आढळणारा हा प्रदेश आहे. मॅनेटी, फ्लोरिडा पँथर आणि अनेक जातींचे बगळे येथे राहतात. ॲलिगेटरला खाऊ घालणे बेकायदेशीर आहे. अन्नाची सवय लागलेल्या प्राण्याची माणसाविषयीची भीती नाहीशी होते व तो धोकादायक बनतो. बाहेरून आलेल्या बर्मी अजगरामुळे स्थानिक सस्तन प्राण्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली आहे.

संवर्धन
कालवे, बांध आणि १९२८ मध्ये पूर्ण झालेला टॅमियामी मार्ग यांमुळे दक्षिणेकडे जाणारा मूळ जलप्रवाह अडला. तो पूर्ववत करण्यासाठी २००० मध्ये व्यापक पुनरुज्जीवन योजनेस मंजुरी मिळाली. पुढे पाणी वाहते राहावे यासाठी या मार्गाच्या काही भागांत पूल बांधण्यात आले. १९९३ ते २००७ या काळात संकटग्रस्त वारसा स्थळांच्या यादीत असलेल्या या उद्यानाचा २०१० मध्ये त्या यादीत पुन्हा समावेश झाला.